पेढे वाटावेत का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, नमस्कार. २०२५च्या जुलैअखेर पहलगामचे हल्लेखोर श्रीनगरजवळ मारले गेले, त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत फटाके फुटले, पेढे वाटले. मी पेढा हातात घेतला, पण मला खाववेना. सून म्हणाली, ‘बाबा, तुमचं नेहमी उलटंच असतं.’ आता मंडळाची मुलं गणपतीच्या मिरवणुकीतल्या झांकीत, म्हणजे गाडीवरच्या देखाव्यात, तोच प्रसंग करायचं म्हणताहेत : खाली पडलेला म्होरक्या, अंगावर लाल रंग आणि छातीवर बूट ठेवून उभा जवान. वर्गणी मीही देतो. बोलू की गप्प बसू?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, रामबाग, इंदूर

उत्तर : बोला. आणि मूर्ती ठरायच्या आत बोला, कारण रंगकाम सुरू झालं की मुलं ऐकत नाहीत.

पेढा खाववला नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका, आणि ज्यांनी खाल्ला त्यांनाही लावू नका. २२ एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात २६ माणसं मारली गेली, बहुतेकांना धर्म विचारून मारलं गेलं. त्यांत आपल्या इंदूरचे एक गृहस्थ होते. त्यानंतरचे तीन महिने घराघरांत राग साचला होता. तो त्या संध्याकाळी बाहेर पडला, यात मला काही वाईट दिसत नाही. सुटल्यासारखं वाटणं वेगळं आणि दुसऱ्याच्या मरणाची मजा वाटणं वेगळं. पण गर्दीत उभं राहिलं की या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात. तुमचा घास अडला तो तिथेच.

एक गोष्ट त्या मुलांना जरूर सांगा. चकमक २८ जुलैची. दुसऱ्या दिवशी गृहमंत्री अमित शहांनी लोकसभेत सांगितलं की मेलेल्यांकडच्या रायफली रातोरात चंदीगडच्या प्रयोगशाळेत नेल्या आणि बैसरनला सापडलेल्या रिकाम्या पुंगळ्यांशी त्या जुळवून पाहिल्या. मारलेला माणूस तोच, ही खात्री अशी झाली. तुमच्या गल्लीतले पेढे तर आदल्याच संध्याकाळी वाटून झाले होते. त्याच चर्चेत विरोधकांकडून प्रश्न आला की चकमक नेमकी कालच कशी झाली, आणि सत्ताधाऱ्यांनी विचारलं की अतिरेकी मेले तर तुमचे चेहरे का पडले. टीव्हीसमोर बसून मला दोन्हींचा त्रास झाला. बैसरनला त्या दिवशी बंदोबस्त का नव्हता, हा प्रश्नही सभागृहात निघाला होता. माझ्या मते दोन्ही बाजूंनी आपला वेळ त्यावर घालवायला हवा होता.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत असे, तेव्हा या विषयावर मुलांशी बोलायला एक उदाहरण हाताशी होतं, अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांमागचा अल् कायदाचा म्होरक्या ओसामा बिन लादेन याचं. अमेरिकेत १ मे २०११च्या रात्री साडेअकराच्या सुमारास ओबामांनी टीव्हीवर येऊन त्याला मारल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती, नऊ वाजून गेले होते. व्हाइट हाउसच्या कुंपणाबाहेर हजारो लोक जमले आणि त्यांत कॉलेजची मुलं फार होती. फिलाडेल्फियात बेसबॉलचा सामना चालू असताना प्रेक्षकांनी देशाच्या नावाचा घोष सुरू केला. ही मुलं ११ सप्टेंबर २००१ला आठ-दहा वर्षांची असतील. ज्याच्या नावाची भीती घेऊन ती वाढली, तो माणूस संपला होता. त्यांचं नाचणं मला समजतं.

माझा भाचा तेव्हा न्यू जर्सीला होता. त्याच्या सोसायटीत एक बाई होत्या, त्यांचा मुलगा ११ सप्टेंबरला न्यू यॉर्कच्या त्या जुळ्या मनोऱ्यांत गेला होता. भाच्याला वाटलं, आज त्यांच्याकडे जाऊन अभिनंदन करावं. तो गेला तर त्या नेहमीसारख्या कामावर निघालेल्या. ‘बरं झालं,’ एवढंच म्हणाल्या आणि मग मुलाबद्दल बोलत राहिल्या : तो कुठल्या मजल्यावर बसायचा, सकाळी काय खाऊन गेला होता. मारणाऱ्याविषयी त्यांनी पुढे एक शब्दही काढला नाही. त्या हल्ल्यांत जवळपास तीन हजार माणसं गेली, आणि प्रत्येक घराचं उत्तर त्या बाईंसारखंच असेल असं मी म्हणणार नाही. कुणी नाचलं असेल, कुणाला न्याय मिळाल्यासारखं वाटलं असेल, कुणाला काहीच वाटलं नसेल. ते ठरवण्याचा पहिला हक्क त्या घरांचा आहे आणि गर्दीचा हक्क त्यांच्या मागून येतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

पुढाऱ्यांनाही त्या दिवशी बोलणं जड गेलं. जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी बिन लादेनला मारण्यात यश आलं याचा आनंद झाला असं म्हटलं, तर त्यांच्याच पक्षातले लोक नाराज झाले. माणसाच्या मरणाचा आनंद ख्रिस्ती माणूस कधी मानत नाही, असं व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी सांगितलं. मनमोहन सिंगांनी ते दहशतवादाविरुद्धचं महत्त्वाचं पाऊल असल्याचं मोजक्या शब्दांत म्हटलं. गृहमंत्री चिदंबरम यांनी मुंबईवरच्या हल्ल्याचे सूत्रधार अजून पाकिस्तानात आसरा घेऊन आहेत याची आठवण करून दिली. मला त्या दिवसातलं हे सगळ्यांत कामाचं बोलणं वाटतं.

आणि आपल्या मध्य प्रदेशाचे, इंदुरातच शिकलेले दिग्विजय सिंह म्हणाले की गुन्हेगार कितीही मोठा असो, त्याला मूठमाती देताना त्याच्या धर्माच्या रीतीचा मान राखावा. त्यांच्यावर केवढी झोड उठली! त्यांचं सगळं राजकारण मला पटत नाही, पण त्या एका वाक्यात चूक काय होतं? खुद्द अमेरिकनांनी त्याचं प्रेत धुऊन, कफनात गुंडाळून, प्रार्थना म्हणून ‘कार्ल व्हिन्सन’ या युद्धनौकेवरून अरबी समुद्रात सोडलं होतं. (जमिनीवर कबर झाली की तिचं तीर्थस्थान होतं, हेही त्यामागे होतंच.) रामाने विभीषणाला रावणाचे अंत्यसंस्कार करायला लावले. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. आपण मराठी माणसं खानाच्या वधाचे पोवाडे ऐकत मोठे झालो आणि ती कबरही आपल्याच मुलखात राहिली. शत्रूला मारणं आणि त्याच्या प्रेतावर पाय ठेवणं यांत फरक करण्याची आपली रीत जुनी आहे. मुलांशी बोलताना याच वाटेने जा. उपदेश वाटणार नाही.

ओबामांनी प्रेताची छायाचित्रं दाखवायला नकार दिला. अशा गोष्टी आम्ही विजयचिन्हं म्हणून मिरवत नाही, असं ते मुलाखतीत म्हणाले. त्यांच्या देशातही पुष्कळांना ते आवडलं नाही, पण मला तो निर्णय पटतो. झांकीबद्दलही मी हेच म्हणेन. अनंत चतुर्दशीच्या रात्री रस्त्याच्या दुतर्फा बायका पोरांना खांद्यावर घेऊन उभ्या असतात. हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार मिल बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी मिलच्या लोकांनी पोटाला चिमटा काढून झांक्या चालू ठेवल्या, त्या रात्री दिव्यांत काहीतरी पाहायला मिळावं म्हणून. त्या गाडीवर मधोमध कोण असणार? तुमच्या मुलांच्या आराखड्यात तिथे तो म्होरक्या आहे. सगळा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडणार.

त्याला तिथून उचला. मधोमध तुकाराम ओंबळे ठेवा. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी पोटाशी धरून ठेवली, गोळ्या खाल्ल्या, पण सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला, खटला चालला, आणि कट कुठे शिजला ते जगापुढे आलं. किंवा बैसरनला पर्यटकांना वाचवताना मारला गेलेला तिथला घोडेवाला ठेवा. आणि पहलगामविषयी काहीही करायचं असेल तर आधी मंडळाच्या दोघा मोठ्या माणसांनी आपल्याच शहरातल्या त्या घरी जाऊन विचारावं. ते नको म्हणाले तर नको. वर्गणी बंद करण्याची धमकी मात्र देऊ नका. मुलं हट्टाला पेटतील.

प्रश्न : बालाकोटच्या हवाई हल्ल्याच्या वेळी मिराज विमानं आमच्या ग्वाल्हेरहून उडाली, म्हणून हा विषय आम्हाला जवळचा. मला एक कळत नाही. ओसामा अबोटाबादेत सापडल्यावर पाकिस्तानी लोकांना लाज वाटण्याऐवजी राग कसा आला?
– लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : दोन्ही वाटलं. राग मोठ्याने बोलता येत होता, लाज येत नव्हती.

ज्या घरात तो सापडला ते काकूलच्या लष्करी अकादमीपासून जेमतेम दीड किलोमीटरवर होतं आणि तो तिथे पाच-सहा वर्षं राहत होता. म्हणजे लष्करापुढे दोनच उत्तरं होती : आम्हाला माहीत होतं, किंवा आम्हाला पत्ताच नव्हता. दोन्ही नामुष्कीचीच. मग तिसरा रस्ता निघाला, सार्वभौमत्वाचा. संसदेचं संयुक्त अधिवेशन बंद दाराआड भरलं, आयएसआयचे प्रमुख शुजा पाशा यांनी राजीनामा देऊ केला, आणि १४ मेला जो ठराव झाला त्यात जोर अमेरिकेच्या एकतर्फी कारवाईच्या निषेधावर आणि ड्रोनहल्ले थांबवण्यावर होता. लाहोरात हाफिज सईदने ओसामासाठी नमाज पढवली. नऊ वर्षांनी, २०२०मध्ये, पंतप्रधान इम्रान खान संसदेत त्याला ‘शहीद’ म्हणून गेले.

पण पाकिस्तान म्हणजे एवढेच लोक नव्हेत, हे कृपा करून लक्षात घ्या. ठरावाच्या आदल्याच दिवशी, १३ मेला, शबकदर इथे सुट्टीवर घरी निघालेल्या फ्रंटियर कॉन्स्टॅब्युलरी या निमलष्करी दलाच्या नव्या जवानांवर आत्मघाती हल्ला झाला आणि ८०हून अधिक माणसं मेली. ओसामाचा सूड म्हणून तालिबानने तो केल्याचं सांगितलं. त्याच महिन्यात कराचीच्या मेहरान नौदल तळावर हल्ला झाला. ओसामाच्या मरणाची किंमत त्या मे महिन्यात ज्यांनी मोजली, ते पाकिस्तानी जवान होते. त्यांच्या आयांनी काय करायचं होतं?

चौकशी आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल सरकारने दडवून ठेवला आणि २०१३ मध्ये तो अल् जझीराच्या हाती लागला. लष्करापासून खालच्या पोलिसापर्यंत सगळ्यांच्या नाकर्तेपणावर त्यात कोरडे ओढलेले आहेत. तो पाकिस्तान्यांनीच लिहिलेला आहे. तुम्ही म्हणता ती लाज त्यात आहे.

आणखी एक गोष्ट मला फार छळते. ओसामाचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या हेरखात्याने शकील अफ्रिदी या डॉक्टरकरवी लसीकरणाचा बनाव केला होता. त्याला पुढे ३३ वर्षांची शिक्षा झाली. लसीकरण करणाऱ्यांविषयी तिथे आधीच संशय होता, त्याला या प्रकरणाने बळच मिळालं. डिसेंबर २०१२मध्ये पोलिओचे थेंब पाजत हिंडणाऱ्या मुली-बायका गोळ्या घालून मारल्या गेल्या. लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही, असं अमेरिकेने २०१४मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे पोलिओच्या रविवारी दारावर येणाऱ्या आशाताईंना आपण पाणी विचारतो. तिथे त्यांच्यासोबत बंदूकवाला शिपाई लागतो. अबोटाबादची कारवाई योग्यच होती असं माझं मत आहे, आणि हा बनाव करायला नको होता हेही माझंच मत आहे.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर मेलेल्या अतिरेक्याचा फोटो आला, सोबत गांधीजींच्या नावाने एक वाक्य. मुलगा दोन रात्री नीट झोपला नाही. फोन काढून घेऊ का?
– दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : फोन काढून घेतलात तर पुढचा फोटो तो मित्राच्या फोनवर पाहील आणि तुम्हाला सांगणार नाही. आधी त्याच्याजवळ बसा आणि त्याने काय पाहिलं ते त्याच्याच तोंडून ऐका. ‘तो वाईट माणूस होता, मेला ते बरं झालं’ एवढं म्हणून विषय मिटवू नका. तो वाईट होता हे मुलाला माहीत आहे. तो घाबरला आहे तो रक्ताला.

मग त्याला सांगा की असे फोटो पुष्कळदा खरे नसतात. ओसामा मेला त्याच दिवशी रक्ताळलेल्या चेहऱ्याचा एक फोटो पाकिस्तानी वाहिन्यांवर झळकला आणि तिथून परदेशी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर गेला. कुणा दुसऱ्याच्या प्रेताला ओसामाचा जुना चेहरा जोडलेला होता. अमेरिकेचे काही सिनेटरसुद्धा फसले, आपण फोटो पाहिला असं सांगून बसले. आणि वाक्यांचंही तेच. शत्रूच्याही मरणाचा आनंद मी मानणार नाही, अशा अर्थाचं एक वाक्य त्याच आठवड्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावावर जगभर फिरलं. ते एका तरुण शिक्षिकेचं स्वतःचं वाक्य होतं. तिने त्यापुढे किंग यांचा खरा उतारा अवतरणचिन्हांत दिला होता, आणि पुढे पाठवणाऱ्यांनी चिन्हं गाळली. गांधीजींचं म्हणून जे आलं आहे, ते कुठे आणि कधी म्हटलं हे मुलालाच शाळेच्या ग्रंथालयात शोधायला लावा. त्याच्या वर्गशिक्षिकेला फोटोबद्दल कळवा, आणि ग्रुपमधल्या इतर आयांशी तुम्ही स्वतः बोला. फोटो पाठवणाऱ्या मुलाच्या आईशीही. तोही तेवढ्याच वयाचा आहे, आणि त्यालाही बहुधा रात्री झोप लागत नसेल.