वटवट्याच्या घरट्यात कारुण्य कोकिळेचं पिल्लू आहे, काढून टाकू का?

नाही. हात लावू नका.

इवलासा वटवट्या आपल्याहून मोठ्या पिल्लाला भरवतोय ते बघवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या दादालाही बघवलं नव्हतं.

साताऱ्याच्या घरी परसात वांगी होती. श्रावणात राखी वटवट्यानं वांग्याचीच पानं शिवून घरटं केलं, जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवर. आत चार अंडी, विटकरी, तुकतुकीत, नुकतं पॉलिश मारल्यासारखी. समोरच्या तारेवर आठवडाभर कारुण्य कोकिळेचा नर 'पी-पिपी-पी' करत बसलेला, म्हणून दादाला संशय. मी सांगत होते, ही बया ज्याच्या घरट्यात घालते त्याच्याशी मिळतंजुळतंच अंडं घालते, तुला ओळखू यायचं नाही. "मला कळतं," म्हणत त्यानं जरा मोठं वाटलेलं अंडं उचललं आणि कुंपणापलीकडे भिरकावलं.

चार दिवसांनी एक पिल्लू बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी उरलेली दोन अंडी वांग्याच्या बुडाशी फुटलेली. ती ढकलून देणारं पिल्लू कोकिळेचंच. म्हणजे साहेबांनी फेकलं ते बिचाऱ्या वटवट्याचंच! आजही दिवाळीला विषय निघाला की म्हणतो, "कोकिळेनं नंतर दुसरं घातलं असणार." दादा, वाचत असशील तर ऐक: मी रोज सकाळी मोजत होते, तीनच होती.

आणि 'ऐतखाऊ' वगैरे शिव्या बंद करा. कोकिळांची सगळी पिल्लं ढकलाढकली करत नाहीत; चातकाचं पिल्लू सातभाईंच्या पिल्लांबरोबर वाढतं. भारद्वाज याच कुळातला. स्वतः घरटं बांधतो, पोरं स्वतः वाढवतो, आणि दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी-पिल्लं खातो. तो दिसला की मात्र दादा शुभशकुन म्हणून हात जोडतो.

हो, एक राहिलंच. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हीसुद्धा शिकारच धरली जाते. आमच्या दादानं केलं ते गुन्ह्यातच मोडतं, पण असो. आणि तुमचं पिल्लू शिंपी पक्ष्याच्या घरट्यात असलं तरी उत्तर हेच. ही कोकिळा त्यालाही सोडत नाही.

घरी मांजर असेल तर ते तेवढं आत ठेवा. भुकेलं पिल्लू दिवसभर ओरडून त्याला पत्ता देत असतं.