हौसेखातर फळ्या पाडायला चेनसॉ मिल घ्यावी की बँडसॉ मिल?

वर्षाला चार-पाच ओंडकेच चिरायचे असतील तर चेनसॉ मिल पुरेशी आहे. चेनसॉच्या बारला (साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) बसणारी ती चौकट उचलून ओंडका पडलाय तिथंच नेता येते. मशीन मात्र निदान ६०-७० सीसीचं हवं, लहान मशीन लांब चिरणीत तापतं. साखळीही वेगळी घ्या: आडव्या कापाच्या (रेषांना छेदणाऱ्या) साखळीचे दात साधारण ३० अंशांत घासलेले असतात, उभ्या चिरणीच्या (रेषांच्या दिशेनं जाणाऱ्या) साखळीचे १० अंशांत. या दुसऱ्या साखळीनं फळीचा पृष्ठभाग किती साफ येतो ते हातानंच कळतं.

चेनसॉच्या दहा कापांत आठ-दहा सेंटीमीटर लाकूड भुशात जातं. बँडसॉचं पट्ट्यासारखं गोल फिरणारं पातळ पातं एका कापात जेमतेम २-३ मिमी खातं, म्हणून काम नेहमीचं किंवा लाकूड मोलाचं असेल तर बँडसॉच घ्या.

सगळा खेळ पहिल्या कापाचा! सरळ शिडी ओंडक्यावर आखूड स्क्रूंनी पक्की करा आणि तिच्यावरून चौकट सरकवा. स्क्रू साखळीच्या वाटेत येता कामा नयेत. ही पहिली सपाट बाजू वाकडी गेली की पुढच्या फळ्याही वाकड्या. काप थोडा पुढे गेला की मागे पाचर ठोका, नाहीतर फट मिटून बार अडकतो. अंगणातल्या झाडात जुने खिळे हमखास सापडतात, आधी मेटल डिटेक्टर फिरवा. कान, डोळे, नाक झाकल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

फळ्यांची टोकं लगेच रंगानं बंद करा, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. वाळायला इंचभर जाडीला साधारण वर्ष धरा.