पावसातली पायलट आणि सॅटेलाइटची सुकी पाठ

प्रश्न: रायबंदरहून फेरीने घरी येताना मागे पाण्यात जो पट्टा पडतो तो मी नेहमी बघत बसतो. सॅटेलाइट पण आयनोस्फियरमधनं, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातनं जातात, तिथे प्लाझ्मा, म्हणजे सुटे आयन आणि इलेक्ट्रॉन असतात म्हणे, मग त्यांच्यामागे पण असा पट्टा पडतो का?
– एक वाचक, चोडण

उत्तर: पडतो की! पण फेरी सोडा, त्यापेक्षा पावसाळ्यातली पायलट, म्हणजे आपली मोटारसायकल टॅक्सी घ्या. भर पावसात मागे बसून म्हापशाला गेला असाल तर आठवेल, पुढे पायलटची छाती चिंब आणि तुमचा शर्ट बऱ्यापैकी सुका. ४०० किलोमीटर उंचीवर हेच होतं, कारण तिथे कण इतके विरळ की एकमेकांवर क्वचितच आपटतात, पाण्यासारखं मागून लगेच मिटून येणं नाही. यान सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतं आणि तिथले ऑक्सिजनचे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले, म्हणून पॉझिटिव्ह चार्जचे अणू) जेमतेम एक, मग पुढच्या अंगाला आयनांचा मारा आणि मागे पोकळी.

खरी गंमत इलेक्ट्रॉनची. ते सेकंदाला दोनशेच्या आसपास किलोमीटरने इकडेतिकडे उधळत असतात, म्हणजे आपले डासच, मच्छरदाणीत पण घुसणार! ते त्या पोकळीत आधी शिरतात, त्यामुळे तिथे निगेटिव्ह चार्ज होतो, तो नंतर येणाऱ्या इलेक्ट्रॉनना मागे ढकलतो आणि बाजूच्या आयनांना आत ओढतो, मग दोन्हीकडनं आलेले आयन मागे मधोमध एकमेकांना क्रॉस करतात.

पट्टा किती लांब? चार मीटर रुंद यान धरा. आयनाला कडेपासून मधोमध यायला दोन मीटर, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, तेवढ्यात यान १५ मीटर पुढे. ओढीमुळे थोडं कमी-जास्त होईल, पण अंदाज आला ना?

आणि हे नुसतं कागदावर नाही हं. १९८५ मध्ये चॅलेंजर शटलने मोजणीयंत्रांचा एक छोटा उपग्रह सोडला आणि मग स्वतःच त्याच्याभोवती फिरून त्याला आपल्या मागच्या पट्ट्यात आणलं. पुढे १९९४ ते ९६ मध्ये तर तीनदा शटलमधून 'वेक शील्ड' नावाची पावणेचार मीटरची स्टीलची चकती नेली, तिच्या मागच्या बाजूला व्हॅक्यूम इतका चांगला मिळतो की तिथे गॅलियम आर्सेनाइड या सेमीकंडक्टरचे पातळ थर वाढवले, पुढची बाजू बिचारी ऑक्सिजनचा मार खात होती.