टाके उसवतील का, मॅडम?

"मॅडम, सायकलवर बसले तर आतले टाके उसवतील का?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ताईंनी विचारलं. एक हात पोटावर होता. पर्स खाली ठेवायला वाकल्या, तरी तो तिथून हलला नाही. वय ४४, राहायला परळला, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गर्भाशयात गाठी होत्या, दोन वर्षं पाळीत भरमसाट रक्त जात होतं. शेवटी पोटावर छेद घेऊन पिशवी काढली, बीजकोश ठेवले. त्याला दहा आठवडे झाले होते. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी पुष्कळ बायकांकडून ऐकला आहे. कुणाचं सीझर झालेलं असतं, कुणाचं अंग बाहेर येतं म्हणून खालून ऑपरेशन. सायकलच्या जागी कधी स्कूटर असते, कधी गरबा. काळजी मात्र तीच, टाक्यांची.

सहाव्या आठवड्यात तपासणी झाली तेव्हा डॉक्टर त्यांना म्हणाल्या होत्या, "छान भरलंय, आता हळूहळू सगळं सुरू करा." या 'सगळं'मध्ये सायकल येते का, ते ताईंनी विचारलंच नाही. "पिशवी काढलेली बाई सायकलचं काय विचारते, असं वाटलं असतं त्यांना." घरी सासूबाई म्हणत, सव्वा महिना म्हणजे बाळंतिणीचा, हिचं तर पोट फाडलंय. नवरा एवढंच म्हणे, "आता कशाला ते?"

सहा वर्षं त्या दर रविवारी पहाटे चार-पाच जणींबरोबर निघायच्या. वरळी सी फेस, हाजी अली, पेडर रोडचा चढ, मग मरीन ड्राइव्ह. अजूनही साडेपाचला मैत्रिणी इमारतीखालून घंटी वाजवत जातात. घंटी ऐकू आली की त्या उशी डोक्यावर घेतात. हे सांगताना पहिल्यांदा रडल्या. पिशवी गेली हे सांगताना डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं.

मी म्हटलं, "उठल्यापासूनचा दिवस सांगा मला."

"सहाला पाणी येतं. मोरीतल्या नळाखाली बादली लावायची, स्वयंपाकघरातल्या पिंपात नेऊन ओतायची. सात-आठ बादल्या होतात."

"हे कधीपासून करताय?"

"पाचव्या आठवड्यापासून असेल."

माझं लिहिणं थांबलं. भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो. मोठ्या ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे जड उचलू नका, हे जवळपास प्रत्येक बाईला सांगितलेलं असतं. ताईंनाही सांगितलं होतं. पण बादली उचलताना घरात कुणी "टाके!" म्हणून ओरडलं नव्हतं, त्यांना स्वतःलाही ते सुचलं नव्हतं. भीती सगळी सायकलवर जाऊन बसली होती. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता मी आधी कामांचीच यादी विचारते. बाईच्या कामाला कुणी श्रम म्हणत नाही, आणि तिच्या आवडीच्या गोष्टीत मात्र सगळ्यांना धोका दिसतो. मला याचा राग येतो, आणि तो मी ताईंपासून लपवला नाही.

मग टाक्यांबद्दल बोललो. बहुतेक बायकांच्या मनात असतं की आत दोरा आहे आणि त्या दोऱ्यावर सगळं टांगलेलं आहे. तसं नसतं. गर्भाशय मुखासकट काढलं की योनीचं वरचं टोक शिवून बंद करतात. ते बहुधा विरघळणाऱ्या टाक्यांनी. काही आठवड्यांत टाके विरतात, तोवर आपलंच मांस आपल्याला धरून ठेवायला लागतं. "आत पोकळी राहिली असेल ना?" असंही त्यांनी विचारलं. नाही, आतडी सरकून ती जागा घेतात. वरची कातडी दोनेक आठवड्यांत मिटते, पण तिच्या खालच्या चिवट थराला ताकद यायला महिने लागतात. दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्यांची इथेच फसगत होते. बाहेर तीन-चार बारीक भोकं दिसतात, पण गर्भाशय काढलं असेल तर आतली शिवण तशीच असते.

पण मी डॉक्टर नाही. 'बसा सायकलवर' म्हणणं माझं काम नव्हतं. आम्ही एका कागदावर प्रश्न लिहिले: आतलं टोक पूर्ण भरलंय का? सीटचा दाब चालेल का? किती वजन उचलू? खड्ड्यातला धक्का? शेवटचा प्रश्न ताईंनी स्वतः लिहिला: सायकल तीन मजले उतरवू का? तेरा-चौदा किलोची सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरणं हे ती चालवण्यापेक्षा जड काम होतं, आणि ते आतापर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासलं आणि परवानगी दिली: सपाट रस्ता, सुरुवातीला पंधरा मिनिटं, पेडलवर उभं राहायचं नाही, सायकल आणि बादली उचलायची नाही. ताजं लाल रक्त, दुर्गंधी असलेला स्राव, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, छेदाजवळ फुगवटा किंवा एका पायाला सूज दिसली तर थांबून लगेच यायचं. ही परवानगी ताईंची, त्यांच्या पोटाची. खालून दुरुस्ती झालेल्या बाईला सीटचा दाब जास्त काळ टाळावा लागू शकतो. तिने आपल्याच डॉक्टरांना विचारावं. फिजिओथेरपिस्टने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला, हँडल थोडं वर घ्यायला सांगितलं, म्हणजे पुढे वाकावं लागत नाही.

पुढच्या भेटीला मी नवऱ्यालाही बोलावलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन बाटल्या रक्त चढवलं हिला. स्ट्रेचरवर ओठ पांढरे होते. मला अजून ते दिसतं." ताईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "आता कशाला" मागे हे होतं, ते त्यांनाही त्या दिवशीच कळलं.

परवानगी मिळाली तरी पाय उचलेना. म्हणून आधी फक्त सायकल पुसायची. गॅलरीत जुन्या चादरीखाली होती, ताईंनी अंगठ्याने टायर दाबलं तर आत गेलं. त्या दिवशी एवढंच. मग स्टँडवर उभ्या सायकलवर बसायचं, भिंतीला हात. बसण्याआधी भीती दहापैकी किती, पाच मिनिटांनी किती, हे वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी ९ आणि ७. आठवड्याने ५ आणि २.

मग नवऱ्याने सायकल खाली नेली आणि रखवालदाराच्या खोलीशेजारी साखळी लावून ठेवली. शिवाजी पार्कचा कट्टा फिरून एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास होते. पहिल्या रविवारी एकच. ते कट्ट्यावर बसून होते, त्या वळणाआड गेल्या की उभे राहायचे. दुसऱ्या रविवारी गतिरोधकावर धक्का बसला, पोटात ओढ लागली, ताई घाबरून घरी आल्या. रक्त नव्हतं, ताप नव्हता, तरी डॉक्टरांना फोन केला. विश्रांती घ्या, वाढलं तर या, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ओढ गेली. वहीत पुन्हा ८. तिथून परत खाली यायला तीन आठवडे लागले.

सासूबाईंना हे आजही पटलेलं नाही. सकाळचं पाणी आता नवरा आणि मुलगा भरतात, आणि अर्ध्या बादल्यांनी भरतात, कारण ताईंनीच तसं सांगितलं आहे.

ऑपरेशनला सहा महिने होत आले तेव्हा त्या मैत्रिणींबरोबर पुन्हा मरीन ड्राइव्हला गेल्या. पेडर रोडचा चढ आला की अजून त्या उतरतात आणि सायकल हातात धरून चालत चढतात. मैत्रिणी वर थांबतात.