जुनी काच, नवा कॅमेरा: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या मॅन्युअल लेन्सवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग लागला. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच: घरातला किंवा गावातला स्टुडिओ बंद झाला, लेन्स हाती आली, आता हिचं करायचं काय? अंबाजोगाईला सासऱ्यांच्या स्टुडिओची डार्करूम मी सांभाळली, पुढं लेन्स उघडून साफ करायचं कामही शिकले. तेवढ्या अधिकारानं उत्तरं देते. पत्रलेखकांची नावं नाहीत, गावं तेवढी दिली आहेत.

मावशी, आमच्या चुलत्यांच्या स्टुडिओत आता मोबाइलचं दुकान चालतंय. माळ्यावरच्या पेटीत तीन लेन्स निघाल्या: पेंटॅक्स के१००० वरची ५० एमएम एफ/२, याशिका एफएक्स-३ वरची ५० एमएम आणि झेनिटवरची हेलिऑस ४४-२. माझ्याकडं निकॉन डी५३०० आहे. दुकानदार म्हणतो, अ‍ॅडॉप्टर घ्या, सगळं बसतं. खरं का? (सेलू, जि. परभणी)

बसतं, पण लांबचं फोकस होत नाही. दुकानदारानं हे अर्धं पोटात ठेवलं.

लेन्स जिथं टेकते त्या धातूच्या कड्यापासून (माउंटपासून) फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवून टाकलेलं आहे. निकॉन एफचं ते ४६.५ मिलिमीटर आहे. पेंटॅक्स के आणि हेलिऑसचा ४२ मिलिमीटर आट्यांचा एम४२ माउंट, दोन्हींचं ४५.४६. याशिकाचं ४५.५. म्हणजे तुझ्या तिन्ही लेन्स निकॉनवर मुळातच मिलिमीटरभर पुढं जाऊन बसणार, त्यात अ‍ॅडॉप्टरच्या जाडीची भर. अ‍ॅडॉप्टर एक मिलिमीटरचा धरला तरी ५८ एमएमची हेलिऑस पावणेदोन मीटरच्या पलीकडचं काही धरायची नाही. ओट्यावर बसलेल्या आजीचा चेहरा निघेल, मागचा वाडा स्वच्छ हवा म्हणशील तर नाही. मधे भिंग घातलेले अ‍ॅडॉप्टर ही अडचण सोडवतात, पण ते भिंग इतकं सुमार असतं की चांगल्या लेन्सचा चेहरामोहराच जातो. मी ते कुणाला घ्यायला सांगत नाही.

कॅनन ईएफचं अंतर ४४ आहे, म्हणून एम४२, पेंटॅक्स के, याशिका, ऑलिम्पस ओएम, अगदी निकॉनच्या लेन्ससुद्धा कॅननच्या डीएसएलआरवर साध्या कड्यानं चालतात. गंमत अशी की कॅननच्याच जुन्या एफडी लेन्स त्यावर चालत नाहीत, त्यांचं अंतर ४२. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनी हा सगळा तंटाच मिटवला. आरसा गेला, जागा मोकळी झाली: सोनी ई १८ मिलिमीटर, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, फुजी एक्स १७.७. तिथं अ‍ॅडॉप्टर म्हणजे आत काहीही नसलेलं नळकांडं. नळकांड्यात बिघडण्यासारखं काही नसतं, फक्त लेन्स लावल्यावर डुलत नाही ना, ते हलवून बघायचं.

तेव्हा डी५३०० विकू नकोस. तिच्यासाठी जुनी निकॉनचीच लेन्स शोध. १९७७ च्या आधीच्या, एआय (लेन्सवरचा अपर्चरचा आकडा कॅमेऱ्याला आपोआप कळवायची सोय) नसलेल्या लेन्ससुद्धा तिच्यावर बिनधोक बसतात, कारण त्या लेन्सना अडकणारी दांडी तिच्या माउंटवर नाहीच. डी७००० किंवा डी७२०० वाल्यांनी मात्र हे करू नये, दांडी मोडेल. डी५३०० जुन्या लेन्सवर प्रकाश मोजून देणार नाही. एम मोड (सगळं हातानं ठरवायचा) लावायचा, एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघायचा, शटर बदलायचं. दुपारच्या उन्हात तर तेवढंही नको: एफ/१६ ला शटर आयएसओइतकं (एफचा आकडा म्हणजे अपर्चरचं, लेन्समधल्या उघडझाप होणाऱ्या भोकाचं माप, आकडा मोठा तर भोक लहान; आयएसओ म्हणजे सेन्सर उजेडाला किती जागा आहे ते). आयएसओ २०० असेल तर १/२००.

आणि पुढं मिररलेस हाती आला तर पेटीतल्या तिघींपैकी त्यावर आधी पेंटॅक्स लावून बघ. हिचं कुणी कौतुक करत नाही, म्हणून ती स्वस्त मिळते, एफ/५.६ ला काडीन् काडी वेगळी दाखवते. हेलिऑसच्या मागं सगळे धावतात ते तिच्या गरगरणाऱ्या पार्श्वभूमीसाठी. ती येना शहरातल्या झाइसच्या बायोटार लेन्सवरून रशियात बेतलेली लेन्स. गरगर यायला मागं लिंबाच्या झाडासारखी बारीक पानं आणि पानांतून येणारं ऊन लागतं, शिवाय फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या मापाचा सेन्सर. एपीएस-सी हा त्याहून लहान सेन्सर कडा कापतो आणि गरगर असते ती कडांनाच. हेलिऑसवर अपर्चरच्या दोन रिंगा दिसतील. एकीनं आकडा ठरवायचा. दुसरी टकटक न करता पूर्ण उघड्यापासून त्या आकड्यापर्यंत फिरते. उघडी ठेवून फोकस करायचा, मग दुसरी रिंग अडेपर्यंत बंद करून शटर दाबायचं. सवय झाली की बोट आपोआप जातं.

ताई, जुनी लेन्स घेताना नेमकं काय तपासावं? ऑनलाइन सगळेच ‘एकदम नवीसारखी’ लिहितात. (लातूर)

ऑनलाइन घेण्याआधी तालुक्याच्या गावात फिरा. पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर तगलेले जुने स्टुडिओवाले असतात, त्यांच्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर हमखास एखादा कॅमेरा असतो. पहिल्याच भेटीत भाव विचारू नका. चहा घ्या, कॅमेरा कोणत्या साली घेतला ते विचारा. ‘भंगारात देणार नाही, पण वापरणारा असेल तर ने’ असं म्हणणारे अजून आहेत.

तपासायची ती मोबाइलच्या टॉर्चनं. अपर्चर पूर्ण उघडा, दोन्ही झाकणं काढा, टॉर्च एका बाजूनं तिरकी धरून दुसऱ्या बाजूनं आत बघा. मग लेन्स उलटी करून पुन्हा. धूळ दिसेलच, ती सोडून द्या. आतल्या दहा-वीस कणांनी फोटोत काही फरक पडत नाही. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडाही चालतो, मागच्या काचेवरचा नको. मुळ्यांसारखे पांढरे तंतू पसरलेले दिसले तर ती बुरशी. टॉर्चच्या उजेडात अख्खी काच दुधाळ झाली तर आत वाफ बसली आहे. अशा लेन्सचे फोटो उन्हात धुरकट येतात.

कोकणाच्या मानानं आपल्याकडं बुरशी कमी. तरी चामड्याच्या केसमध्ये बंद राहिलेली लेन्स नीट बघा. चामडं पावसाळ्यातली ओल धरून ठेवतं. मराठवाड्यातल्या लेन्सचा खरा आजार उन्हाळ्याचा. पत्र्याखाली मे महिने काढले की फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस पातळ होतं, त्यातलं तेल सुटतं आणि अपर्चरच्या पात्यांवर उतरतं. पात्यांवर इंद्रधनुष्यासारखी चकाकी दिसली की समजा. मागं बारीक पिन असलेली एम४२ लेन्स असेल तर अपर्चरचा आकडा मोठा ठेवून ती पिन बोटानं दाबून सोडा. पाती झटकन मिटून झटकन उघडली पाहिजेत. आळसावून सरकली तर ती नवीन कॅमेऱ्यावर हातानं मिटवून चालतील, पण भाव निम्मा करा.

मग फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत कानाशी धरून फिरवा. करकर आली तर आट्यांत माती आहे, आणि ती प्रत्येक फेरीला पितळ खाते. नुसती जड असेल तर ग्रीस वाळलंय, ते बदलता येतं. गंज सोडवायचा स्प्रे मारून रिंग ‘मोकळी’ करणारे महाभाग भेटतात. त्यांची लेन्स फुकटातही घेऊ नका, तो स्प्रे आत पसरून काचांपर्यंत पोचलेला असतो.

माझी सुपर-मल्टी-कोटेड टाकुमार ५० एमएम एफ/१.४ चहासारखी पिवळी दिसायलीय. मित्र म्हणतो, तिच्यात किरणोत्सारी पदार्थ आहे, फेकून दे. (नांदेड)

मित्र अर्धा बरोबर आहे. त्या लेन्सच्या काचेत थोरियम आहे. प्रकाश जास्त वळवणारी आणि तरी रंग न फोडणारी काच हवी म्हणून त्या काळी अनेक कंपन्या ते घालत. त्याच किरणांनी वर्षानुवर्षांत काच आतून पिवळी पडते. उत्सर्जन अगदी क्षीण असतं, फोटो काढण्याइतक्या वापरात काळजीचं कारण नाही. ती लेन्स डोळ्याला लावून भिंग म्हणून वापरू नका, काच घासू नका, फुटली तर चुरा हातानं गोळा करू नका. फेकायची तर मुळीच नाही, ती पेंटॅक्सच्या उत्तम लेन्सपैकी एक आहे.

पिवळेपणा अतिनील किरणांनी जातो आणि ते आपल्याकडं फुकट आहेत. दोन्ही झाकणं काढा, मागच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवा म्हणजे ऊन परतून पुन्हा काचेतून जाईल आणि मागं एका ठिकाणी एकवटणार नाही. फॉइल विसरलात तर लेन्स खिडकीचा पडदा पेटवील, हे थट्टेत घेऊ नका. सकाळचं कोवळं ऊन द्या, काही आठवडे. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवर ठेवलीत तर पिवळेपणा जाईल आणि वर सांगितलेलं तेल पात्यांवर येईल. काच स्वच्छ झाली तरी थोरियम जागेवरच असतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं आहे.

सोनीवर जुनी लेन्स लावली तर शटरच दाबना गेलंय. (छत्रपती संभाजीनगर)

कॅमेऱ्याला वाटतंय, लेन्सच नाही. मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ सुरू कर. त्याच फेरीत फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडांवर रंगीत रेघा दाखवायची सोय) लाव, एका बटणाला फोकस मॅग्निफायर (चित्राचा तुकडा मोठा करून दाखवणारा) दे, आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा हलका कंप सावरायची सोय) असेल तर लेन्सचा एमएमचा आकडा हातानं भर. ५० ची लेन्स असताना तिथं आधीचे २८ राहिले तर कॅमेरा चुकीच्या हिशेबानं हलतो. मग ए मोडला ठेवून दे, शटरचं तो बघतो.

माळेगावच्या यात्रेत घोडे, उंट, वाघ्या-मुरळी असं सगळं हलतं असतं. हातानं फोकस करेपर्यंत क्षण जातो. माझ्याकडं फुजी आणि जुनी २८ एमएम आहे. (लोहा, जि. नांदेड)

मग फोकस करूच नका. जुन्या लेन्सवर एक गोष्ट असते जी नव्या स्वस्त लेन्सवरून गेली: अंतराची पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना अपर्चरचे आकडे. तुमच्या एपीएस-सी सेन्सरवर २८ एमएम, एफ/८ ला फोकस पाच मीटरवर ठेवलात की अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं स्वच्छ येतं. एफ/११ ला साडेतीन मीटरवर ठेवा, पावणेदोन मीटरपासून पुढं सगळं. रिंगवर सेलोटेपचा बारीक तुकडा लावून टाका आणि यात्रेत तिला हात लावू नका. एक लक्षात ठेवा: पट्टीवरच्या खुणा फिल्मच्या मापाच्या आहेत. तुमच्या सेन्सरसाठी एफ/८ वर काढताना पट्टीवरची ५.६ ची खूण वाचा.

घोड्यांच्या बाजारात उन्हात आयएसओ ४०० ला १/५०० सहज मिळतं. रात्री तमाशाच्या फडात ही युक्ती चालणार नाही, तिथं अपर्चर उघडावंच लागतं आणि मॅग्निफायर लावून एकाच जागी नेम धरून बसावं लागतं. पीकिंगच्या रंगीत रेघांवर उघड्या अपर्चरला विसंबू नका. रेघा कपाळावर चमकतात आणि डोळे सुटलेले असतात.

लग्नाच्या ऑर्डरीत जुन्या लेन्स वापराव्यात का? (बीड)

नाही. मंगलाष्टकं दुसऱ्यांदा म्हणत नाहीत. हळदीच्या आदल्या दिवशी हौस भागवून घ्या.

मी कृषीचा विद्यार्थी. कपाशीवरचे तुडतुडे, फुलकिडे टिपायचे आहेत. मॅक्रो लेन्स परवडत नाही. कॅनन १५००डी आहे. स्टुडिओवाल्या काकांनी एन्लार्जरची (निगेटिव्ह मोठं करून कागदावर उतरवायच्या यंत्राची) ५० एमएम एल-निक्कोर लेन्स दिलीय. उपयोग होईल? (परभणी)

या पत्रानं मला सगळ्यांत जास्त आनंद झाला. डार्करूम मोडताना लोक एन्लार्जर भंगारात घालतात आणि त्याच्या तोंडाशी असलेली लेन्स त्याच्याबरोबर जाते. ही लेन्स बनवलेलीच असते सपाट निगेटिव्ह कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखी धारदार दाखवायला, आणि तेही जवळून. मॅक्रोला आणखी काय हवं?

तिला फोकसची रिंग नसते, आटे ३९ मिलिमीटरचे. ३९ ते ४२ चं कडं, मग एम४२ च्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स पुढं सरकवणाऱ्या पोकळ नळ्या), मग कॅननचं एम४२ अ‍ॅडॉप्टर, अशी उतरंड रचायची. लांबच्या फोकसला लेन्स जिथं असते तिथून ५० मिलिमीटर पुढं गेली की किडा सेन्सरवर त्याच्याच मापाचा पडतो. १०० मिलिमीटर गेली की दुप्पट. तुझा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद. तीन मिलिमीटरचा तुडतुडा त्याच्या खऱ्या मापात चौकटीचा सातवा हिस्सा व्यापेल, म्हणजे ओळखण्यापुरता पुरे. मिलिमीटरभराच्या फुलकिड्याला दुपटीच्याही पुढं जावं लागेल. त्यासाठी कुणाकडून जुनी २८ एमएम आणून रिव्हर्स रिंगनं उलटी लाव, साधारण दुप्पट तिथंच मिळते आणि ट्यूब घातली की आणखी. उलटी लावायला जुनीच लेन्स लागते, कारण तिला अपर्चरची रिंग असते.

सकाळी लवकर जा, किडे गारठलेले असतात. फोकस शरीर पुढंमागं झुलवून करायचा, रिंगनं नाही. एफ/८ च्या पुढं दुप्पट मापाला धार जाऊ लागते, म्हणून उजेड फ्लॅशनं वाढव आणि फ्लॅशपुढं पांढरा कागद धर. तुडतुडा तिरका चालतो. पानाच्या खालच्या बाजूला, देठाच्या रोखानं कॅमेरा धरशील तर तो चौकटीतून लवकर सुटत नाही.

आणि तुझी एल-निक्कोर नंतरची, अपर्चरचा आकडा अंधारात उजळणारी असेल, तर त्या छोट्या खिडकीतून कॅमेऱ्यात उजेड शिरतो आणि फोटो फिकट येतात. तिथं आधी काळी इलेक्ट्रिकल टेप लाव.