घरातील दीर्घ आजारपणात प्राणायाम आणि नामस्मरणाचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, पण मुख्यतः सेवा करणाऱ्याला. मूळ आजार त्याने बरा होतो, असे मी म्हणणार नाही. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास संथ झाला आणि उच्छ्वास लांबला, की व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती मंदावते. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, निरोगी प्रौढांवरील अभ्यासात ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र, या दोहोंनी श्वास याच लयीत आल्याचे आढळले. आईच्या उशाशी जागताना मी प्रत्येक उच्छ्वासावर ‘रामकृष्णहरी’ म्हणत असे. सकाळी औषधांच्या वेळा सांभाळण्याइतके डोके त्यामुळे ताळ्यावर राही. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास कुंभक (श्वास रोखून धरणे) मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.