कांपालचा जुना फ्लॅट, समोर मांडवी: घ्यावा का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मोठं आहे आणि मनापासून लिहिलेलं आहे. इतर वाचकांसाठी त्यातला मुद्दा आधी सांगते. तुम्ही ५३ वर्षांच्या, फोंड्यातल्या अनुदानित हायस्कुलात शिक्षिका. निवृत्तीला सात वर्षं आहेत. यजमान ५८ चे, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, दोन वर्षांत निवृत्त होणार. हातात येणारा पगार तुमचा ८८ हजार, त्यांचा ७० हजार. फोंड्यात २००४ साली घेतलेला स्वतःचा फ्लॅट आहे, आज त्याला ६० लाख येतील. ठेवी ४८ लाखांच्या, म्युच्युअल फंड १७ लाखांचे. मुलगी पुण्यात शिकते. आता पणजीत कांपालला १९८३ च्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ९२ चौरस मीटरचा फ्लॅट मिळतोय. बाल्कनीतून मांडवी दिसते, पलीकडे रेईश मागूशचा किल्ला. किंमत १ कोटी १० लाख. साठवलेले सगळे ६५ लाख घालायचे, ४५ लाख कर्ज काढायचं, फोंड्याचा फ्लॅट तसाच ठेवायचा, कांपालचा सध्या ३० हजारांनी भाड्याने द्यायचा आणि निवृत्तीनंतर तिथे राहायला जायचं, असा तुमचा बेत. एजंटला गणेश चवथीच्या आधी पाच लाख टोकन हवंय.

या बेताने तो फ्लॅट घेऊ नका. फोंड्याचा फ्लॅट विकून, खरोखर राहायला जायचं ठरवून आणि भाव खाली आणून घेणार असाल, तर मात्र माझा विरोध नाही. नदीसमोर म्हातारपण काढावं ही इच्छा चांगली आहे. तिच्यासाठी पैसे मोजणं म्हणजे उधळपट्टी असं मी मानत नाही. फक्त त्या इच्छेला गुंतवणूक म्हणू नका, कारण आकडे तसं बोलत नाहीत.

१ कोटी १० लाख मालकाला जातील. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून आठ टक्के धरून चाला, म्हणजे पावणेनऊ लाख. वकील, इंजिनिअर, बँकेची प्रोसेसिंग फी यांचे सव्वा लाख. चाळीस वर्षांपूर्वीचं वायरिंग, जुने लोखंडी पाइप, दोन्ही बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, खिडक्या हे बदलल्याशिवाय तिथे राहता येणार नाही. त्याला बारा लाख मी कमीच धरलेत. इमारतीत बारा फ्लॅट आहेत असं तुम्ही लिहिलंय. इमारतीची मोठी दुरुस्ती ६० लाखांची निघाली, तर तुमचा वाटा पाच लाख. एकूण १ कोटी ३७ लाख. तुमची तजवीज १ कोटी १० लाखांचीच आहे. वरचे २७ लाख कुठून येणार? बँक मुद्रांक शुल्कासाठी कर्ज देत नाही, कारण एवढ्या किमतीच्या घराचं मूल्य धरताना ते त्यात मिळवायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आता हप्ता. साडेआठ टक्क्यांनी ४५ लाख तुमच्या निवृत्तीपर्यंत फेडायचे, तर महिन्याला ७१ हजार. आज दोन पगार आहेत म्हणून ते जमेल. दोन वर्षांनी यजमान घरी बसले की ८८ हजारांतून ७१ जातील. उरलेल्या १७ हजारांत घर, औषधं आणि मुलीचं बघायचं. त्यांच्या पीएफचे ३५ लाख येतील तेव्हा कर्ज फेडू असं तुम्ही म्हणता. पण पेन्शन नसलेल्या माणसाची ती एकुलती एक पुंजी आहे. तिला हात लावून केलेली कोणतीही योजना मला मान्य नाही.

भाड्याने हप्ता हलका होईल ही आशाही सोडा. वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा राहणार असं धरा, मेंटेनन्स, घरपट्टी आणि बारीकसारीक दुरुस्ती वजा करा. ३० हजारांच्या भाड्यातून वर्षाला दोन लाख ६५ हजारांच्या आसपास उरतील. १ कोटी ३७ लाखांवर हे दोन टक्केसुद्धा होत नाहीत. कर्जाचं पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच साडेतीन लाखांच्या पुढे आहे. एजंटने पर्यटकांना दिवसावर देण्याचं गाजर दाखवलंय. त्यासाठी पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, शेजाऱ्यांशी रोजची कटकट ओढवते आणि फोंड्याहून चाव्या द्यायला कोण धावणार? तो आकडा हिशेबात धरूच नका.

इमारतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पत्रात तुम्ही टाइल्स आणि लाकडी दरवाज्यांबद्दल खूप लिहिलंय, सांगाड्याबद्दल एक ओळही नाही. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि कांपालला वाऱ्याबरोबर खारी हवा येते. काँक्रीटला केसाएवढी चीर गेली की ओल आणि क्षार आतल्या सळीपर्यंत पोचतात. गंजलेली सळी फुगते आणि बाहेरचं काँक्रीट फोडून टाकते. पुढच्या वेळी जाल तेव्हा नदीकडे पाठ करा आणि बाल्कनीच्या स्लॅबची खालची बाजू बघा. सळीच्या रेषेत तांबूस डाग आहेत का? एखाद्या ठिकाणचा गिलावा बाकीच्यापेक्षा नवा दिसतोय का? बोटाच्या पेराने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर आत काँक्रीट सुटलंय. मग खाली उतरून पार्किंगमधल्या खांबांचे पाय बघा, पावसाचं पाणी तिथेच साचतं. हे झाल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. त्याला काँक्रीटची मजबुती आणि त्यात शिरलेले क्षार कळण्यासाठी रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक आणि क्लोराइडची चाचणी करायला सांगा, आणि ही इमारत अजून किती वर्षं काढेल हे लेखी मागा. बँकही नेमकं तेच विचारणार आहे. जुन्या इमारतीला कर्जाची मुदत कापून मिळते, ती मग तुमच्या सोयीवर राहत नाही.

पुढे कधीतरी पुनर्विकास होईल आणि मोठा नवा फ्लॅट मिळेल, हे मुंबईत ऐकलेलं गणित इथे लावू नका. मांडवीला भरती-ओहोटी आहे, त्यामुळे काठावरच्या जागेला सीआरझेडचे, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामावरचे, निर्बंध लागतात. बिल्डरला विकायला जादा बांधकामच मिळालं नाही, तर तो पुढे का येईल? त्याच निर्बंधांची चांगली बाजूही सांगायला हवी. समोर बांदोडकर मार्ग आणि लगेच नदी असल्याने तुमच्या बाल्कनीसमोर टॉवर उभा राहण्याची भीती कमी. पण दुपारी पाहिलेली नदी रात्री वेगळी असते. कॅसिनोंच्या जहाजांचे दिवे आणि संगीत झोपायच्या खोलीत किती येतं, ते एका शनिवारी रात्री जाऊन बघा. इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत त्या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळते का, हे वॉचमनला विचारा. पाण्याची टाकी किती मोठी आहे तेही विचारा. पणजीचं पाणी तुमच्याच तालुक्यातल्या ओपाहून येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जलवाहिन्या फुटल्या, तेव्हा पणजीचे नळ कित्येक दिवस कोरडे होते.

आणि लिफ्ट. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि यजमानांचा गुडघा दुखतो असं तुम्हीच शेवटी ओझरतं लिहिलंय. ताई, या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. नव्याने लिफ्ट बसवायची तर जागा हवी, बाकीच्या घरांची संमती हवी, परवाने हवेत. ते जमलं नाही तर तुम्ही वय ७० पर्यंतचं घर घेताय, पुढचं नाही. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकही हाच प्रश्न विचारेल. यजमानांना त्या जिन्याने दोन पिशव्या घेऊन चढायला सांगा. त्यांचं मत काय, हे पत्रात कुठेच दिसलं नाही.

कागदांचं म्हणाल तर ‘सगळं क्लिअर आहे’ हे एजंटचं वाक्य, वकिलाचं नव्हे. फ्लॅट वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे आणि विकणारी तीन भावंडं आहेत: एक पणजीत, एक मुंबईत, एक पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्याने जोडीदाराचा मालमत्तेत निम्मा हक्क असतो, म्हणून तिघांच्याच नव्हे तर त्यांच्या नवऱ्या-बायकांच्याही सह्या लागतील. इन्व्हेंटरी (कोर्टातून होणारी वारसांची वाटणी) किंवा वारसाचा दस्त झालाय का ते बघा. झाला नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. सिटी सर्व्हेचा फॉर्म डी, म्हणजे शहरातल्या जमिनीचा उतारा, काढून घ्या आणि त्यावरचे पीटी शीट, चलता नंबर (जमिनीचे सर्व्हे क्रमांक) दस्ताशी जुळतात का ते तपासा. जमीन अजून मूळ भाटकाराच्याच (जमीनमालकाच्याच) नावावर असेल आणि सोसायटी नोंदलेली नसेल, तर भाव पाडून मागायला ते मोठं कारण आहे. ऑक्युपन्सी सर्टिफिकेटही (भोगवटा दाखला) मागा. बाल्कनी नंतर बंद करून खोली केली असेल, तर ती नकाशात आहे का ते बघा.

इंग्लंडमधल्या भावाचा हिस्सा खरेदीदाराला महागात पडू शकतो. निवासी भावंडांच्या हिश्श्यावर एक टक्का टीडीएस कापायचा. प्रत्येकाचा वाटा ५० लाखांच्या आत असला तरी ऑक्टोबर २०२४ पासून एकूण किंमत बघितली जाते. अनिवासीचं तसं नाही. त्याच्या सुमारे ३६ लाख ६७ हजारांवर साडेबारा टक्के आणि वर सेस, म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास तुम्ही कापून सरकारात भरायचे. कमी कापायचे असतील तर आयकर खात्याचा दाखला त्याने आणायचा. ‘तुम्ही पूर्ण द्या, मी तिकडून भरतो’ यावर विश्वास ठेवलात तर वसुली तुमच्याकडून होईल.

आता मला पटणारा मार्ग. फोंड्याचा फ्लॅट आधी विका. त्यातला भांडवली नफा दोन वर्षांच्या आत दुसऱ्या घरात घातला, तर कर लागत नाही. तोवर रिटर्न भरायची मुदत आली, तर ती रक्कम बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायची. तुमचं लग्न गोव्यात नोंदलेलं आहे, त्यामुळे हा नफा तुम्हा दोघांच्या रिटर्नमध्ये निम्मा-निम्मा दाखवायचा, आणि नव्या दस्तावर दोघांचीही नावं घालायची. मधल्या काळात कांपाल-मिरामार भागात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा, पावसाळा त्यात यायलाच हवा. फोंड्याला शाळेत रोजचं येणं-जाणं झेपतं का, तेही कळेल. तुमची सात वर्षांची नोकरी अजून बाकी आहे.

हाच फ्लॅट तेव्हाही शिल्लक असला आणि इंजिनिअरचा अहवाल बरा आला, तर एक कोटीच्या वर जाऊ नका. सगळा खर्च धरून १ कोटी २६ लाख होतील. ६० लाख फोंड्याचे, ४० लाख साठवणीतले, २६ लाख कर्ज. सात वर्षांचा हप्ता ४१ हजार, एका पगारात बसणारा. मुलीसाठी आणि अडीअडचणीला २५ लाख हाताशी राहतात, पीएफला धक्का लागत नाही. अहवाल वाईट आला, तर ८५ लाखांनाही नको. तोच नदीकाठ, पण लिफ्ट असलेली इमारत आणि थोडा लहान फ्लॅट, असा शोध आजपासूनच सुरू करा. ९२ मीटर दोन माणसांना लागत नाहीत.

टोकनचं एजंटला सांगा की वकिलाचा टायटल रिपोर्ट येईपर्यंत काही मिळणार नाही, चवथ या वर्षीची असो की पुढच्या. नंतर द्याल तेही एक लाखाच्या वर नको आणि रोख तर मुळीच नको. चेक तिन्ही भावंडांच्या सहीच्या पावतीवर द्या. टायटलमध्ये, सांगाड्याच्या चाचणीत किंवा बँकेच्या मंजुरीत काही अडलं तर पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत, हे त्या पावतीवर लिहून घ्या.